चार पुतळ्यापासनं आत वळा : सोलापुरातली रस्त्यावरची कला बघायला निघणाऱ्यांसाठी

सोलापुरात पत्ता सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. "चार पुतळ्यापासनं आत वळा, म्होरं कुणालाबी विचारा." मी पण जन्मभर असंच सांगत आलो. मागच्या हिवाळ्यात आमच्याकडं कामाला नवीन लागलेल्या लातूरकडच्या एका पोराला असाच पत्ता सांगितला, तर संध्याकाळी तो येऊन विचारतो, "दादा, ते चौघं कोण आहेत?" मला पटकन दोनच नावं आठवली. तिसरं आठवायला चहा संपला, आणि चौथ्यासाठी सरळ मोबाईल काढावा लागला. चाळीस वर्षं त्या चौकातनं गाडी घालणारा माणूस मी, लाज वाटली राव.

तर ज्यांना या शहरातले पुतळे, भिंती, शटरवरची चित्रं, विचित्र सिमेंटचे प्राणी हे सगळं बघायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. आधीच सांगतो, मुंबई-दिल्लीत असतात तसली चार मजली रंगवलेली बिल्डिंग शोधत आलात तर दुपारपर्यंत कंटाळाल. इथला माल वेगळा आहे आणि त्यातला निम्मा तर ठराविक दिवशी, ठराविक वेळेलाच दिसतो.

पहिल्यांदा पार्कचा फेरा

गाडी कुठंतरी सावलीत लावा आणि पहिला दिवस पायीच काढा. पार्क चौक, चार हुतात्म्यांचे पुतळे, हुतात्मा बाग, भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर मंदिर आणि महापालिकेची इंद्रभुवन इमारत, हे सगळं एकमेकांपासनं चालत जाण्याइतकं जवळ आहे. वेळ सकाळची धरा. मार्चनंतर आलात तर साडेनऊच्या आत आटपा, सोलापूरचं ऊन हा काही चेष्टेचा विषय नाही, आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढंच असतो.

चार पुतळ्यांची नावं आत्ताच पाठ करा म्हणजे माझ्यासारखी पाळी येणार नाही : मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला होता, त्या आंदोलनाच्या खटल्यात या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान, म्हणजे या गावाचा निम्मा जातिकोश तिथं उभा आहे. १२ जानेवारीला सकाळी गेलात तर हारातनं चेहरे दिसायचे नाहीत, त्यामुळं शिल्प म्हणून बघायचं असेल तर दुसऱ्या कुठल्याही साध्या दिवशी जा.

आता एक सवय लावून घ्या. कुठल्याही पुतळ्याची पाटी खालून वर वाचायची. वरच्या ओळीत अनावरण कुणाच्या हस्ते, प्रमुख उपस्थिती कुणाची, त्या वेळचे नगरसेवक कोण, हे मोठ्ठ्या अक्षरात असतं आणि ज्यानं महिनोन्‌महिने मातीत हात घालून तो चेहरा घडवला त्याचं नाव असलं तर तळाला बारीक, नाहीतर पाटीवर नसतंच. नसलं तर पुतळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन पायाजवळची कड बघा, शिल्पकार बऱ्याचदा तिथं नाव किंवा गाव कोरून ठेवतात. मागनं बघायचा दुसरा फायदा म्हणजे धातूचा आहे, का फायबर, का नुसतं सिमेंट रंगवलंय ते मागच्या बाजूलाच कळतं. पुढं सोनेरी रंगाचे हात मारलेले असतात, मागं कुणी मारत नाही. बोटानं टकटक करून बघायच्या भानगडीत मात्र पडू नका, भावना हा प्रकार चौकात पटकन गरम होतो.

इंद्रभुवनला रस्त्याच्या पलीकडनं बघा, जवळनं मान दुखते. आप्पासाहेब वारद यांनी बांधलेला हा वाडा, आता तिथं महापालिका बसते. दर्शनी भागावर कमानी, नक्षी, मूर्ती असं इतकं काम आहे की घरपट्टी भरायला येणाऱ्या माणसाला ते कधी दिसतच नाही, कारण त्याची नजर खिडकी नंबरवर असते. मी स्वतः दाखल्यासाठी असल्या कचेऱ्यांत तासन्‌तास उभा राहिलोय आणि तेव्हा वर बघितलं असतं तर वेळ तरी बरा गेला असता.

किल्ल्यात हुतात्मा बागेतनं जाता येतं. तटबंदीकडं नीट बघा, सरळ सपाट दगडांमध्ये मध्येच एखादा कोरीव दगड बसवलेला सापडतो, तो आधीच्या कुठल्यातरी मंदिराचा. बहामनी काळातल्या गवंड्यानं हाताशी आला तो दगड लावला. आत जुन्या मंदिराचे अवशेषपण आहेत. पोरं असतील बरोबर तर खेळ लावा, कोरीव दगड जो पहिला शोधेल त्याला पार्कवर डिस्को भजी.

अडुसष्ट लिंगं, म्हणजे नऊशे वर्षं जुना आर्ट ट्रेल

हे मला सगळ्यात आवडतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावात, तेव्हाच्या सोन्नलगीत, अडुसष्ट लिंगं स्थापन केली. शिवाय अष्टविनायक आणि अष्टभैरव वेगळे. ती सगळी आजच्या शहरात विखुरलेली आहेत आणि मधल्या काळात त्यांच्याभोवती पेठा, बोळ, वाडे, दुकानं, कंपाउंडच्या भिंती सगळं उगवलं. त्यामुळं एखादं लिंग देखण्या मंदिरात मिळतं, तर एखादं अशा ठिकाणी की डावीकडं झेरॉक्सचं दुकान, उजवीकडं पाण्याची टाकी आणि मध्ये हा.

नवीन माणसानं अडुसष्टच्या अडुसष्ट एका दमात करायला जाऊ नये. दर संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, नंदीध्वज, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या, घेऊन सगळ्या लिंगांना तैलाभिषेक करत फिरतात, ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या करतायत, आपलं तसं नाही. एका रविवारी पाच-सहा करा. बाळीवेस आणि उत्तर कसब्याच्या भागातनं सुरू करा, तिथं कट्ट्यावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला "आप्पा, इथलं लिंग कुठंशी आहे?" एवढंच विचारायचं. मॅपपेक्षा हे बरं पडतं. मॅपवर मी एकदा एका लिंगाची पिन टाकली होती, ती टाकताना बोट सरकलं आणि पिन पडली मागच्या गल्लीतल्या एका घरावर. दोन पाहुण्यांना मी ती पाठवली, दोघंबी त्या घराच्या ओट्यावर चप्पल काढून हात जोडून उभे! घरातली बाई काय बोलली ते मला अजून सांगितलेलं नाही त्यांनी.

आत गाभाऱ्याचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. बाहेरचा बोळ, ओटा, दिवा, दारावर कन्नडमध्ये लिहिलेलं काय असेल ते, याचे फोटो खरं तर जास्त भारी येतात.

पूर्व भागात सकाळी सहाला

साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ, अशोक चौक, तिथनं पुढं नीलम नगरकडं. तेलुगू पद्मशाली विणकरांचा हा भाग, सोलापूरची चादर इथनंच जगभर गेली. मागाची खटखट सुरू व्हायच्या आधी पोचायचं, कारण दारापुढचा मुग्गु तेव्हा ओला असतो.

मुग्गु म्हणजे तेलुगू बायका रोज सकाळी सडा मारून दारात काढतात ती ठिपक्यांची रांगोळी. बघण्यासारखं काय आहे तर हात. चिमटीत पीठ, कंबरेतनं वाकलेली, आधी ठिपके ओळीत टाकते, मोजत नाही, तरी वाकडे पडत नाहीत, मग ठिपक्याला न शिवता भोवतीनं एकच रेघ फिरवते, फिरवते आणि जिथनं सुरू केली तिथंच आणून बंद करते. दोन मिनिटं. नंतर तीच बाई त्याच्यावरनं सायकल बाहेर काढते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा "अहो अहो" असं तोंडातनं निघालं होतं, ती हसली नुसती.

मोबाईल उंचावून धडाधड फोटो काढत सुटू नका. पहाटे अंगणात असलेल्या बाईचा तर नाहीच. "अम्मा, रांगोळीचा फोटो काढू का?" म्हणायचं, बहुतेक "काढ की" असंच येतं. घरं लहान, अंगण म्हणजेच घर, हे लक्षात ठेवा.

इथं भिंतींवर आणि पाट्यांवर तेलुगू, मराठी, मध्येच कन्नड, पुढच्या गल्लीत उर्दू असं दिसेल. एकाच पेंटरनं चारही लिप्या लिहिलेल्या असल्या तर तो फोटो जरूर ठेवा, ती कला आता मोजक्या हातात राहिलीय. मागाच्या कारखान्यात कुणी ओळखीचं असेल तर जॅकार्डची भोकं पाडलेली कार्डं दाखवायला सांगा. चादरीवरचा मोर आधी त्या पुठ्ठ्यावर नुसत्या भोकांच्या रूपात असतो, ते बघितल्यावर चादर परत साधी वाटत नाही. हे रस्त्यावरच्या कलेत बसत नाही, पण तिथं गेलाच आहात तर.

पेंटरची सही शोधा

आता भिंती आणि शटर. नवी पेठेत किंवा कुठल्याही जुन्या बाजारपेठेत दुकानं उघडायच्या आधी जायचं, कारण शटरवरचं चित्र शटर बंद असलं तरच दिसतं. साडीच्या दुकानाची बाई, ऑईल पेंटमध्ये रंगवलेली, गाल गुलाबी, एक डोळा जरा मोठा. सलूनवरचा हिरो जो कुणासारखाच दिसत नाही. तालमीच्या भिंतीवरचा मारुती. अंगणवाडीच्या भिंतीवरचा ससा, ज्याचं तोंड हमखास मांजरासारखं. चित्र बघून झालं की खालचा उजवा कोपरा बघा, तिथं नागमोडी अक्षरात पेंटरचं नाव असतं. कधी नावाच्या शेपटीला ब्रश काढलेला असतो.

तारीख कुठंच नसते, पण फोन नंबर असतो. दहा आकडी मोबाईल असला तर चित्र अलीकडचं. सात आकडी लँडलाईन असली तर त्याच्या आधीचं. आणि सहा आकडी नंबर दिसला, म्हणजे पुढं २ लागायच्या आधीचा, तर ते चित्र वीस वर्षांच्या पलीकडचं आहे असं समजा आणि लगेच फोटो काढा, उद्यावर टाकू नका.

हे मी अनुभवानं सांगतोय. माझ्या रोजच्या रस्त्यावर एका तालमीच्या भिंतीवर वाघ होता, पोटावरचे पट्टे गुळगुळीत झालेले, सहा आकडी नंबर खाली. दीड वर्ष मी "निवांत येऊन काढू" म्हणत राहिलो. एका सकाळी तिथं कुणाच्यातरी वाढदिवसाचं वीस फुटी डिजिटल लागलं. ठीक आहे म्हणलं, आठ दिवसात निघेल. निघालं, पण त्याचे खिळे मारताना गिलावा सुटला आणि मग मालकानं सगळीच भिंत पांढरी करून टाकली. बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो, डिजिटल म्हणजे आमच्याकडं फ्लेक्स. पेंटरचा धंदा त्यानंच बसवला.

चालू काम करणारा पेंटर दिसला तर थांबा, हे कुठल्याही पुतळ्यापेक्षा बघण्यासारखं असतं. मला एक काका सापडले होते, शटरवर दुकानाचं नाव टाकत होते. आधी दोऱ्याला खडूची पूड लावली, एक टोक पोराच्या हातात, एक स्वतःकडं, ताणून मधनं चिमटीनं ओढला आणि सोडला, टण्ण. सरळ रेघ उमटली. खाली दुसरी. त्या दोन रेघांमध्ये खडूनं अक्षरांचा सांगाडा आणि मग चपटा ब्रश. डाव्या हातात एक काठी, तिच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली, ती शटरवर टेकवायची आणि उजवं मनगट त्या काठीवर, म्हणजे हात हलत नाही आणि ओल्या रंगाला लागत नाही. 'श' ची गाठ एका झटक्यात मारली त्यांनी. मी विचारलं, सही करणार का? म्हणाले, "मालकानं शेडचे पैसे दिले तर सही. साध्या अक्षराखाली काय सही करायची?" शेड म्हणजे अक्षराच्या कडेला दिलेली सावली, तिचा रेट वेगळा. तेव्हापासनं मी सही दिसली की आधी शेड बघतो. बहुतेक वेळा असते!

आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरला १९१५ साली जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांनी सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं, हे त्या काकांना सांगितलं तर म्हणाले, "मग त्यांना दोरा मारता येत असणार."

जाता जाता वरपण बघत चला. बांधकाम चालू असलेल्या घरावर टांगलेला दृष्टीचा राक्षस, लाल जीभ बाहेर काढलेला, हा या भागातला सगळ्यात जास्त खपणारा सार्वजनिक शिल्पप्रकार असावा. गेटवरचे सिमेंटचे सिंह, त्यातला एक कायम दुसऱ्यापेक्षा बुटका. गच्चीच्या कोपऱ्यावर पंख पसरलेला गरुड. याची यादी कुठंच मिळत नाही, तुमची तुम्हीच करायची.

दिवस बघून यायचं असेल तर

एकच ट्रिप शक्य असेल तर गड्ड्याला या, म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेला. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातनं सात नंदीध्वज निघतात आणि त्यांच्या मार्गावर रांगोळीचे कलाकार रस्ताच्या रस्ता भरतात, काही किलोमीटर. मी दरवर्षी मिरवणुकीच्या आधी दोन तास जातो, कारण काढताना बघायची असते ती. चाळणी हलवत रंगाचा गालिचा पसरतात, मग मुठीतनं पांढरी रेघ, पाचही बोटांतनं पाच रेघा एकदम सोडतात. पोरं दोन्ही बाजूंनी दोर धरून गर्दी थोपवतात. आणि मग नंदीध्वज येतो, बाराबंदी घातलेली माणसं, भक्तांची रांग, आणि तासाभरात रस्त्यावर नुसता गुलाबी धुरळा. नंतर आलात तर तोच बघायला मिळेल, तेव्हा वेळेआधी पोचा आणि चुकूनसुद्धा पांढरे बूट घालू नका.

दुसरा मोका नवरात्रात. पूर्व भागात बायका बतुकम्मा रचतात, ताटात तरवडाची पिवळी फुलं, कुरडू, झेंडू असं थरावर थर लावत निमुळतं शिखर करतात, त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात आणि शेवटी पाण्यात सोडतात. फुलांचं शिल्पच ते. माळरानावर आपण ज्या तरवडाकडं ढुंकून बघत नाही तो तिथं मानाच्या जागी असतो.

कागदपत्रं ठेवायची थोडी शिस्त

प्रत्येक ठिकाणी तीन फोटो : लांबनं, जवळनं आणि सहीचा किंवा पाटीचा. तिसरा सगळे विसरतात. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा. गल्लीचं नाव फोटो काढल्या काढल्या लिहा, घरी जाऊन आठवत नाही, मी एका रिक्षाच्या मागच्या चित्रासाठी आठवडाभर अशोक चौकात चकरा मारल्यात आणि नंतर लक्षात आलं की रिक्षा काय तिथंच उभी राहणार आहे व्हय.

कायद्याचं दोन वाक्यात सांगतो. रस्त्यावर कायमस्वरूपी उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढून छापायला १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात सूट आहे, पण भिंतीवरच्या पेंटिंगला ती तशी लागू होत नाही, त्यामुळं शटरवरची बाई टी-शर्टवर छापून विकायचा विचार असेल तर आधी पेंटरला भेटा. आणि हे सगळं बघून हात शिवशिवायला लागले तर स्वतःच्या घराच्या भिंतीवर रंगवा, दुसऱ्याच्या किंवा सरकारी भिंतीवर विनापरवाना काही काढलं तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे.

स्टेशनजवळ वेळ काढायचा असेल तर भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक करा. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथंच वारला. चीनमध्ये शिजियाझुआंग नावाच्या शहरात त्यांचा पुतळा आहे. कधी तिकडं जाणं झालं तर त्याचीबी पाटी खालून वाचून मला कळवा.

आणि गाडी असेल, अर्धा दिवस मोकळा असेल तर हत्तरसंग कुडल. सोलापूरपासनं चाळीसेक किलोमीटर, विजापूर रोडनं, भीमा आणि सीना मिळतात तिथं. १९९९ मध्ये तिथल्या हरिहरेश्वर मंदिराचं उत्खनन झालं तेव्हा एक शिवलिंग निघालं ज्याच्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत, आणि लिंग स्वतः तीनशे साठावं असं धरतात. बारकी बारकी तोंडं, ओळीनं, प्रत्येक वेगळं. मी मोजायला बसलो होतो, नव्वदच्या आसपास पुजारी काहीतरी बोलले आणि चुकलो. शेजारच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठीतला शिलालेख आहे, तुळईवर, तेव्हा मान वर करून बघा आणि मोबाईलचा टॉर्च बाजूनं मारा, समोरनं मारला तर अक्षरं उठत नाहीत. पाणी घरनंच भरून न्या, परतताना मंद्रूपला चहा मिळतो.